वास विरला, औषध नाही

दुपारी कपाशीवर औषध मारलं, संध्याकाळी वास येईनासा झाला, म्हणजे हवा साफ झाली असं बहुतेकजण धरून चालतात. पण या बाबतीत नाकाची साक्ष कच्ची आहे. फवाऱ्याच्या वासातला बराचसा भाग त्यात मिसळलेल्या द्रावकाचा आणि गंधकयुक्त अशुद्धींचा असतो. मूळ रसायनाला अनेकदा वास जवळजवळ नसतोच. शिवाय पानांवर आणि मातीवर बसलेलं औषध पुढचे काही दिवस वाफ होऊन उडत राहतं. कोरड्या मातीपेक्षा ओल्या मातीतून ते अधिक उडतं, कारण मातीच्या कणांवरची त्याची जागा पाणी घेतं.

वारा पडला की फवारणीला धोका नाही, हेही अर्धंच खरं. जोराच्या वाऱ्यात फवारू नये, हे ठीकच. पण निरभ्र आकाश असताना संध्याकाळी आणि पहाटे जमीन गार पडते, तिच्यालगतची हवा थंड होते आणि वरची उबदार राहते. अशा वेळी बारीक थेंब वर जाऊन विरळ होत नाहीत. जमिनीलगत तरंगत हळूहळू शेजारच्या शिवारात सरकतात.

सगळ्यांत चिवट समज म्हणजे 'उन्हात सगळं जळून जातं'. ट्रायफ्लुरालिनसारखं एखादं तणनाशक वाफेच्या रूपात तासाभरात उन्हाने तुटतं, हे खरं. बाकी बहुतेकांच्या बाबतीत खरं काम करतो हायड्रॉक्सिल मूलक. अतिनील किरणांनी ओझोन फुटतो, सुटलेला ऑक्सिजन अणू पाण्याच्या वाफेशी भिडतो आणि हा मूलक तयार होतो. त्याचं आयुष्य फार तर सेकंदभर, पण समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर तो तुटून पडतो. क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक वायुरूपात असेल तर त्याच्या तडाख्यात काही तासांत निम्मं होतं.

तुटलं म्हणजे निर्विष झालं, असं मात्र नाही. क्लोरपायरीफॉसमधल्या गंधकाच्या एका अणूची जागा ऑक्सिजनने घेतली की त्याचं ऑक्सॉन बनतं आणि ते मूळ रसायनापेक्षा जास्त विषारी असतं. किडीच्या शरीरातही हाच बदल होतो आणि त्यामुळेच तिची मज्जासंस्था कोलमडते. म्हणजे किडीच्या पोटात व्हायचं काम हवा आधीच उरकून ठेवते! कॅलिफोर्नियात सेंट्रल व्हॅलीच्या शेतांवरून वर चढणाऱ्या हवेत, सिएरा नेवाडाच्या उतारांवर, 1990च्या दशकात संशोधकांना हे ऑक्सॉन सापडलं होतं.

शिवाय ते 'काही तास' फक्त वायूचे. धुळीच्या किंवा काजळीच्या कणाला चिकटलेलं औषध मूलकाच्या हाती सहज लागत नाही. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कणांवरच्या काही कीटकनाशकांचं अर्धायुष्य कित्येक दिवसांपासून महिन्याहून अधिक निघालं. रात्री हा मूलक जवळपास नसतोच, आणि थंड, काळोख्या ध्रुवीय हिवाळ्यातही तो फारसा मिळत नाही.

म्हणूनच कागदावरचं गणित फसतं. दीर्घकाळ टिकणाऱ्या रसायनांवरच्या स्टॉकहोम करारात, हवेतून दूर जाणाऱ्या रसायनासाठी दोन दिवसांहून जास्त अर्धायुष्य हा निकष आहे. क्लोरपायरीफॉस त्यात बसत नाही. तरी ते आर्क्टिकमध्ये आढळलं, आणि 2025 मध्ये काही सवलती ठेवून त्याला बंद करायच्या रसायनांच्या यादीत घालण्यात आलं. एंडोसल्फान हे दुसरं कीटकनाशक त्या यादीत 2011 सालीच गेलं होतं.

राहिला पाऊस. तो हवा धुतो, पण धुतलेलं माती-पाण्यात उतरवतो, आणि उघडीप पडली की त्यातलं काही पुन्हा उडतं.

आपल्याकडे हे मोजायचं कुणी? देशाच्या 2009च्या हवा-गुणवत्ता मानकांत 12 प्रदूषकं आहेत. त्यांत बेंझीन आहे, शिसं आहे, आर्सेनिक आणि निकेलही आहेत. कीटकनाशक एकही नाही. फवारणीच्या हंगामात एखाद्या गावाची हवा 'समाधानकारक' ठरते, तेव्हा त्या हिशेबात औषध धरलेलंच नसतं.