चिमूटभर मिठाची किंमत

आम्ही द्रोणागिरीला राहायला आलो, त्याला आता पाच वर्षं होतील. नवी इमारत, दोन खोल्या, समोर डोंगर, आणि आता तर जवळच रेल्वे स्टेशनसुद्धा! सगळं कसं मनासारखं. पण दुसऱ्याच पावसाळ्यानंतर बाहेरच्या खोलीच्या भिंतीला पांढरं पीठ सुटायला लागलं. पुसलं की आठवड्यात पुन्हा हजर. रंगाचे पोपडे उडाले ते वेगळेच. शेवटी रंगाऱ्याला बोलावलं. त्याने भिंतीवरून बोट फिरवलं आणि चक्क जिभेला लावलं!

"वहिनी, लोणा आलाय. मीठ आहे हे. अहो, इथं आधी काय होतं? मिठागरंच ना!"

लोणा येतो तो ओलीमुळे, हे मला मागाहून कळलं. पण त्याचं ते वाक्य काही डोक्यातून जाईना. रोज ताट वाढताना आपण पहिल्यांदा मीठ वाढतो. लेकराची दृष्ट काढायची तर मीठमोहऱ्या लागतात. एखाद्याच्या इमानाचं कौतुक करायचं तर 'खाल्ल्या मिठाला जागला' म्हणतो. आणि हे मीठ आपल्या पायाखालच्या जमिनीवर पिकत होतं, याचा आपल्याला पत्ताच नसावा?

मी इथल्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. दुसऱ्या दिवशी चौथीच्या वर्गात विचारलं, "मीठ कुठून येतं रे?" एक मुलगा ताडकन म्हणाला, "दुकानातून! पिशवीतून!" सगळा वर्ग हसला. मग मी विचारलं, "कुणाच्या घरी कुणी मिठागरात काम केलंय का?" एकही हात वर झाला नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र खाली मान घालून वहीत रेघोट्या मारत बसली.

शाळा सुटल्यावर तिची आजी तिला न्यायला आली. काष्टा नेसलेली, उन्हाने रापलेली. मी सहज विषय काढला, तशी आजी हसली. "आगरानच आमचा जन्म गेला, बाय," ती म्हणाली, आणि आपले पाय पुढे केले. टाचांच्या भेगा इतक्या खोल की जणू कुणी कोयत्याने ओढल्यात. नात तिचा पदर ओढत होती, "चल ना गं!" तिला लाज वाटत होती, हे मला दिसत होतं. आणि खरं सांगू, मैत्रिणींनो, त्या क्षणी मला माझीच लाज वाटली.

मीठ पिकतं कसं?

त्या आजीकडे मग मी दोन-तीनदा जाऊन बसले. या भागात मीठ 'बनवत' नाहीत, 'पिकवतात', हे तिने मला पहिल्यांदा बजावलं. आगर म्हणजे मिठाचं शेत. आगरी समाजाचं नावच मुळी या आगरावरून पडलं, असं सांगतात.

पावसाळा संपला की बांध दुरुस्त करायचे. मग वाफ्यांची जमीन पायांनी तुडवून तुडवून चोपून काढायची, अगदी आपण अंगण चोपतो तशी. जमीन घट्ट झाली नाही तर पाणी मुरतं आणि मिठात चिखल येतो. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी मोठ्या तळ्यात घ्यायचं. तिथून ते एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं फिरवायचं. ऊन आणि वारा पाणी उडवून नेतात आणि शेवटच्या उथळ वाफ्यात मिठाचे खडे धरू लागतात. लाकडी फावड्याने ते ओढून बांधावर आणायचे, निथळू द्यायचे, आणि पाट्यांनी वाहून रास घालायची. पावसाच्या आधी रास गवताने शाकारली नाही, तर वर्षाची कमाई एका वळवात पाणी होऊन जाते.

आपल्या भाषेत हिशेब सांगते. शंभर लिटर समुद्राच्या पाण्यात साडेतीन किलोच्या आसपास क्षार असतात. त्यातलं खाण्याचं मीठ अडीच-पावणेतीन किलो. म्हणजे आपल्या बरणीतल्या एका किलोसाठी दोन-तीन हंडे पाणी उन्हात आटवावं लागतं. गॅसवर आटवायला घेतलं असतं तर किती गॅस लागला असता! तिथे इंधन फुकट, पण माणसाचे कष्ट काही फुकट नव्हते. आजी म्हणाली, "फावडं पुरुषांचं आन् पाटी बायांची." पहाटे भाकऱ्या थापून निघायचं, तान्हं असेल तर बांधावर झोळीत ठेवायचं, आणि डोईवर ओल्या मिठाच्या पाट्या वाहायच्या. पाटीतून निथळणारं खारट पाणी मानेवरून पाठीवर उतरायचं. बोटाला साधं खरचटलं तरी ते आठ-आठ दिवस चरचरायचं.

मीठ स्वस्त, मग महाग केलं कुणी?

इतक्या कष्टाचं मीठ, पण त्याची किंमत ते पिकवणाऱ्याच्या हातात कधीच नव्हती.

घाटावर मीठ पिकत नाही. तिकडच्या माणसाला आणि गुरांना मीठ लागतं, आणि ते कोकणातूनच वर जाणार. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. त्याआधी वंजारी-लमाणांचे बैलांचे तांडे घाटावरून धान्य घेऊन उतरायचे आणि मीठ लादून चढायचे. पुढे १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली. मुंबईला जाणारं मीठ मात्र खाडीतून होड्या-पडावांनी जायचं. जो वाहतूक करी, जो नाका राखी, त्याच्या हातात मिठाचा भाव.

राज्यकर्त्यांना ही गोष्ट पक्की ठाऊक होती. शिवाजी महाराजांनी १६७१ साली कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना एक पत्र लिहिलं होतं. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशाचं मीठ स्वस्त पडे, त्यामुळे व्यापारी तिकडे वळत. ते स्वस्त मीठ आपल्याकडची मिठागरं बुडवील, म्हणून त्यावर जबर जकात बसवा, अशी त्यात आज्ञा आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी आपल्या आगराच्या पोटाचा विचार करणारा राजा! वाचताना ऊर भरून आला.

इंग्रजांनी मात्र उलटा हिशेब मांडला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टीबरोबर आपलं करंजा बेटही, म्हणजे हे उरण, कंपनीकडे राहिलं. १८३७ साली मुंबई इलाख्यात मिठावर मणाला आठ आणे कर बसला. चाळीस शेरांचा मण, म्हणजे शेराला जेमतेम अडीच पै. पण तो चढत चढत १८८८ साली मणाला अडीच रुपये झाला. म्हणजे शेराला एक आणा! पन्नास वर्षांत पाचपट. तोवर कायदेही कडक झाले. परवान्याशिवाय मीठ काढणं हा गुन्हा ठरला. दारात समुद्र, डोक्यावर ऊन, आणि कोळणीने मासळी खारवण्यापुरतं मीठ खरवडलं तर ती चोर!

पुढे कर उतरला, पण १९२३ साली पुन्हा दुप्पट करून अडीच रुपयांवर नेला. कायदेमंडळाने नाही म्हटलं, तरी व्हाइसरॉय रेडिंग यांनी आपल्या अधिकारात तो लादला. पुढच्या वर्षी तो सव्वा रुपयावर आणावा लागला.

१९३० साली हाच दर होता. शेराला अर्धा आणा. आपण म्हणू, एवढ्याशासाठी एवढी चळवळ? पण विचार करा. पाच माणसांच्या घरात महिन्याला दीड-दोन शेर मीठ लागतं. श्रीमंताघरीही तेवढंच आणि मजुराघरीही तेवढंच. उलट उन्हात घाम गाळणाऱ्याला जास्त! साडी नसेल तर जुनी शिवून नेसता येते, साखर नसेल तर गुळावर भागतं. मिठाला दुसरं काही नाही. म्हणून तर गांधीजींनी नेमकं मीठ निवडलं.

६ एप्रिल १९३० ला त्यांनी दांडीला मीठ उचललं. आधी या चळवळीत बायकांना घ्यायचं की नाही याचाच वाद होता. कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी तो गांधीजींशी मांडला आणि जिंकला. मुंबईत कायदा मोडणाऱ्या पहिल्या तुकडीत कमलादेवी आणि आपल्या अवंतिकाबाई गोखले होत्या. चौपाटीवर चुली पेटल्या, बायकांनी खारं पाणी आटवलं. चूल आणि मूल म्हणून ज्यांना हिणवलं, त्यांनी चुलीवरच सरकारचा कायदा मोडला! मे महिन्यात वडाळ्याच्या मिठागरांवर लोक चालून गेले. तिकडे दक्षिणेला शिरोड्यालाही सत्याग्रह झाला. ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन कराराने किनाऱ्यालगतच्या गावकऱ्यांना घरापुरतं मीठ काढायची मोकळीक मिळाली. आणि करच रद्द झाला तो १९४७ साली, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर.

मग आगर गेले कुठे?

कर गेला म्हणजे आगराचे दिवस पालटले, असं वाटेल. तसं झालं नाही. आपल्याकडे चार महिने धो-धो पाऊस, म्हणजे मिठाचा हंगाम तोकडा. गुजरातेत पाऊस कमी आणि सपाट जमीन अफाट. आज देशातलं तीन-चतुर्थांशाहून जास्त मीठ एकट्या गुजरातचं आहे. १९८३ साली मिठापूरहून टाटांचं पिशवीबंद मीठ बाजारात आलं आणि हळूहळू वाण्याकडचं मापाने मिळणारं खडेमीठ मागे पडलं. गलगंड टाळण्यासाठी मिठात आयोडीन घालणं आलं आणि २००६ पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला देशभर बंदी झाली. आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच. पण छोट्या आगराला हे सगळं कुठून परवडणार?

त्यातच जमीन गेली. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. खारी शेतं, खाजणं आणि मिठागरं त्यात आली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला इथल्याच जासई परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. १९८९ साली न्हावाशेवाचं बंदर सुरू झालं. २०२४ च्या जानेवारीत उरणपर्यंत लोकल आली आणि अटल सेतूही खुला झाला. या सगळ्याचा फायदा मी रोज घेते. नाकबूल कशाला करू?

पण आजीला मी विचारलं, "तुम्हाला काय मिळालं हो?"

ती म्हणाली, "ज्याचा सातबारा त्याला मिळाला. माझी पाटी कंच्या कागदावर लिव्हलीय?"

मी गप्पच झाले. जमिनीची किंमत झाली, बांधाची झाली, मालकाची नोंद झाली. जिने जन्मभर पाट्या वाहिल्या, तिची नोंद कुठेच नाही. आणि बायांनो, हे काही आपल्याला अगदीच अनोळखी नाही. घरात सकाळपासून रात्रीपर्यंत आपण जे करतो, ते तरी कुठल्या कागदावर असतं? स्वयंपाक अळणी झाला तर सगळ्यांच्या लक्षात येतं. बरोबर झाला, तर मीठ कुणी घातलं हे कोण विचारतं?

मागच्या महिन्यात मी मुख्याध्यापकांना विचारून आजीला वर्गात बोलावलं. तिने परातीत मीठ-पाणी घेऊन उन्हात ठेवायला लावलं. चार दिवसांनी काठाला खडे धरले, तेव्हा मुलांनी एकच गिल्ला केला. मागच्या बाकावरची ती मुलगी परातीजवळ उभी राहून सगळ्यांना सांगत होती, "हात नका लावू! आधी निथळू द्यायचं असतं. माझ्या आजीला विचारा!"

माझ्या भिंतीचा लोणा अजून पुरता गेलेला नाही. पण आता तो पुसताना पूर्वीसारखा राग येत नाही.

जाता जाता चार गोष्टी:

रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनयुक्त मीठच वापरा. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर नक्कीच. ते घट्ट झाकणाच्या बरणीत, ऊन आणि ओल यांपासून दूर ठेवा, आणि शक्यतो भाजी शिजत आली की घाला. उष्णतेने आयोडीन कमी होतं.

मोठ्या माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका लहान चमच्यापेक्षा कमी मीठ पुरे. लोणचं, पापड, फरसाण यांतलं मीठही त्यातच मोजा.

पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं. बरणीत तांदळाचे दहा-बारा दाणे टाका.

भिंतीला लोणा आला तर पाण्याने धुऊ नका, कोरड्या ब्रशने झाडा. ओल कुठून येते ते आधी शोधा. ती बंद केल्याशिवाय वरून कितीही महागाचा रंग लावला, तरी मीठ पुन्हा वर येणारच!