नाव नसलेल्याची व्यथा

आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठी परगावी असेल, तर त्याच्याशी वा तिच्याशी मनमोकळे बोलणे शेवटचे केव्हा झाले, हे क्षणभर आठवून पाहावे. विज्ञानकथांच्या दालनात आद्य मानली जाणारी एक कादंबरी आपल्याला हाच प्रश्न विचारते.

ती कादंबरी म्हणजे ‘फ्रँकेनस्टाइन’. १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराकाठी मेरी शेली यांनी ती लिहावयास घेतली, तेव्हा त्या अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या. जन्मानंतर थोड्याच दिवसांत त्यांची आई वारली होती. १८१८ साली लंडनमध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला, तोही लेखिकेच्या नावावाचून!

कथेचा नायक व्हिक्टर सतराव्या वर्षी जिनिव्हाहून इंगोलश्टाटच्या विद्यापीठात जातो. नुकतीच आई गेलेली, गाव परके. तो अभ्यासात स्वतःला बुडवून घेतो. दोन वर्षे घरी फिरकत नाही आणि पुढे पत्रेही थांबतात. बंद खोलीत तो निर्जीव देहात प्राण ओततो. या साहसाच्या धोक्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ‘बाबा रे, जरा थांब’ असे म्हणणारे त्या खोलीत कोणीच नव्हते, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

निर्माण झालेल्या जीवाला पाहताच व्हिक्टर भयाने पळतो. त्या अभाग्याला साधे नावही मिळत नाही. एका गरीब कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या खोपट्यात तो लपतो आणि फटीतून पाहत, ऐकत भाषा शिकतो. बाप, भाऊ, बहीण हे शब्द त्याला कळतात; त्यांबरोबरच आपल्याला यांपैकी कोणीही नाही, हेही कळते. त्या घरातील अंध वृद्ध तेवढा त्याच्याशी प्रेमाने बोलतो. डोळस मुले परत येतात आणि त्याला हाकलून लावतात. पुढील सूडकथेचे मूळ या नकारात आहे. आजही पुष्कळ जण त्याला चुकून ‘फ्रँकेनस्टाइन’ म्हणतात. हे नाव त्याच्या निर्मात्याचे!

वाचकहो, वसतिगृहात नव्याने राहावयास गेलेल्या मुलाची स्थिती इतकी भीषण नसते, हे खरे. तथापि तेथे त्याला घरच्या लाडक्या नावाने हाक मारणारे कोणी नसते. हजेरीपटावरील क्रमांक हीच त्याची ओळख होऊन बसते. ‘मी कोण?’ हा प्रश्न त्या वयात पडावयाचाच. पण त्याचे उत्तर एकट्याने खोलीत बसून सापडत नाही. आपल्याला ओळखणाऱ्या माणसांच्या सहवासात ते हळूहळू उमलते.

म्हणून पुढल्या वेळी मुलाशी बोलताना गुणांची चौकशी थोडी मागे ठेवावी. आधी त्याला घरच्या नावाने हाक मारावी आणि विचारावे, ‘आज जेवताना तुझ्या शेजारी कोण होते?’