बांध सरकवणारं यंत्र

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात वाशिम जिल्ह्यातल्या सेवा केंद्रांसमोर दोन शब्द हमखास कानी पडतात : 'सर्व्हर डाउन'. खरिपाच्या पीकविम्याची मुदत बहुतेक वेळा ३१ जुलैला संपते. रिसोड, मानोरा, मंगरुळपीरकडची माणसं सोयाबीनची पेरणी आटोपून, सातबारा आणि पासबुक पिशवीत घालून रांगेला लागतात. अडचण कधी गावातल्या नेटची असते, कधी विजेची, तर कधी खरंच दूरच्या यंत्रावर आलेल्या भाराची. मोठ्या कामांसाठी वापरल्या जाणाऱ्या अशा यंत्रांपैकी एक जात म्हणजे ब्लेड सर्व्हर.

ब्लेड म्हणजे पातं. वहीसारखा उभा, सडपातळ संगणक. त्याला स्वतःचा पंखा नाही की वीजपुरवठ्याचा डबा नाही. अशी अनेक पाती एका पेटीत सरकवतात. त्या पेटीला एन्क्लोजर म्हणतात आणि वीज, थंड हवा, नेटवर्क सगळ्यांना तीच पुरवते. ख्रिस हिप यांच्या कल्पनेतून अमेरिकेतल्या आरएलएक्स कंपनीने २००१मध्ये हा प्रकार बाजारात आणला. एचपीच्या २००६च्या सी-७००० पेटीत अशी सोळा अर्ध्या उंचीची पाती बसतात. पुण्यात टाटांच्या संगणन प्रयोगशाळेने उभारलेला 'एका' हा महासंगणक एचपीच्या ब्लेडवरच बांधलेला होता. नोव्हेंबर २००७च्या जागतिक यादीत तो चौथा आणि आशियात पहिला आला.

काही मोठ्या यंत्रांत अनेक पाती जोडून एकच दांडगा संगणक करता येतो, किंवा मध्ये बांध घालून त्याचे वेगळे तुकडे पाडता येतात. एचपीच्या २०१४च्या सुपरडोम एक्समध्ये आठ पाती आणि सोळा प्रोसेसर असत. त्यातल्या तुकड्याला 'एनपार' म्हणतात. हे हार्डवेअर पार्टिशन. सॉफ्टवेअरने केलेली वाटणी म्हणजे एका वाड्यातल्या वेगळ्या चुली. छप्पर कोसळलं तर सगळ्यांवरच. हार्डवेअर पार्टिशन म्हणजे मध्ये पक्की भिंत घातलेली घरं. एका घरातला बिघाड सहसा दुसऱ्यात शिरत नाही.

गरज बदलली की हा बांध सरकवता येतो. मात्र अशा यंत्रावर आधी शेत मोकळं करावं लागतं. डेटाबेस नीट बंद करायचा, बॅकअप तपासायचा आणि ऑपरेटिंग सिस्टीम थांबवून त्या पार्टिशनची वीज तोडायची. मग एका तुकड्यातलं पातं काढून दुसऱ्याला जोडायचं. जोडलेल्या पात्यांचे प्रोसेसर आणि फर्मवेअर एकमेकांशी जुळावे लागतात. डेटाबेसचा परवाना प्रोसेसरवर मोजला जात असेल, तर वाढलेल्या पात्याचे पैसेही वाढतात. म्हणून हे काम बहुधा रात्री, ठरवून घेतलेल्या वेळेत होतं.

दुसरी सोय प्रोफाइलची. पात्याची सगळी ओळख, म्हणजे नेटवर्कचा पत्ता, साठवणुकीच्या जाळ्यातला पत्ता, सुरू होण्याचा क्रम आणि काही यंत्रांत बायोसची मांडणीही, पात्यात न ठेवता पेटीच्या व्यवस्थापनात नोंदवून ठेवतात. एचपीच्या व्हर्च्युअल कनेक्टमध्ये याला सर्व्हर प्रोफाइल म्हणतात, तर सिस्कोच्या २००९च्या यूसीएसमध्ये सर्व्हिस प्रोफाइल. पातं जळालं की प्रोफाइल त्याच्यावरून उतरवून राखीव पात्यावर चढवायचं. नवं पातं जुन्याच नावाने उभं राहतं आणि साठवणुकीला फरक कळत नाही. अट एकच : माहिती सामायिक साठवणुकीत हवी. ती पात्यातल्याच डिस्कवर असेल तर प्रोफाइल जाईल, माहिती जाणार नाही. एकच ओळख चुकून दोन पात्यांना दिली, तर एक जमीन दोघांना विकल्यासारखा घोळ होतो.

शेतीवाल्या वाचकाला यात सातबारा ओळखू येईल. जमीन तिथेच असते, पण तिची ओळख दप्तरात असते आणि दप्तरातला बदल फेरफार नोंदीतूनच होतो. ती नोंद प्रमाणित करण्याआधी संबंधितांना पंधरा दिवसांची नोटीस देतात. कुणाला हरकत असेल तर त्याने ती मांडावी म्हणून.

सर्व्हरच्या खोलीतही हीच शिस्त हवी. कोणी, कधी, कोणाच्या परवानगीने पातं हलवलं, जुनी मांडणी काय होती आणि परत फिरायचं झालं तर कसं, हे लिहिलेलं हवं. बंद राहण्याची वेळ लोकांना आधी कळलेली हवी आणि ती ३१ जुलैच्या आसपास कधीच नको. ज्याचा दिवस रांगेत जातो, त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. मानोऱ्याहून निघालेल्या त्या माणसाला एनपार ठाऊक असण्याची गरज नाही. पण एनपार सरकवणाऱ्याला तो माणूस ठाऊक असलाच पाहिजे.