कोणता वर्ग शिकवायचा? त्यावरून प्रवेश

महाराष्ट्रात शिक्षक होण्याच्या रूढ वाटा दोन. बारावीनंतर दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका, म्हणजे पूर्वीचे डी.एड.; आणि पदवीनंतर बी.एड., जे २०१५ पासून दोन वर्षांचे झाले. दोन्हींच्या किमान अटी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद ठरवते, प्रवेशप्रक्रिया मात्र राज्य राबवते.

डी.एल.एड.ला शाखेचे बंधन नाही. खुल्या प्रवर्गाला बारावीत किमान ४९.५ टक्के आणि इतर प्रवर्गांना ४४.५ टक्के गुण लागतात. वेगळी प्रवेशपरीक्षा नसते; बारावीच्या गुणांवरच गुणवत्ता यादी लागते. पहिली-दुसरीची मुले ज्यांच्या हाती सोपवायची, त्यांना लहान मुलांशी बोलता-वागता येते का, हे या टप्प्यावर कुणीच तपासत नाही. ही या पद्धतीतली मोठी उणीव आहे.

बी.एड.साठी पदवी किंवा पदव्युत्तर परीक्षेत ५० टक्के गुण हवेत. राज्यातील मागासवर्गीय उमेदवारांना ४५ टक्के पुरतात. विज्ञान व गणितावर भर असलेल्या अभियांत्रिकी पदवीधरांसाठी ही अट ५५ टक्क्यांची आहे. शिवाय सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, द्यावीच लागते. नव्वद मिनिटांत शंभर बहुपर्यायी प्रश्न: बौद्धिक क्षमतेचे ४०, सामान्य ज्ञानाचे ३० आणि अध्यापन अभियोग्यतेचे ३०. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. वर्गात एखादे मूल सतत गप्प बसत असेल तर शिक्षकाने काय करावे, अशा धर्तीचे प्रश्न अभियोग्यतेच्या भागात येतात. पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांनाही सीईटी देता येते. प्रवेश घेताना मात्र निकाल हाती असावा लागतो. जातवैधता आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रांना वेळ लागत असल्याने ती आधीच काढून ठेवणे शहाणपणाचे.

बारावीनंतर थेट चार वर्षांत पदवी आणि शिक्षक प्रशिक्षण एकत्र पूर्ण करणारा एकात्मिक अभ्यासक्रमही आता निवडक संस्थांत सुरू झाला आहे. त्याची प्रवेशपरीक्षा राष्ट्रीय पातळीवर होते.

निवड करताना सर्वांत महत्त्वाचा प्रश्न गुणांचा नाही, कोणत्या वर्गाला शिकवायचे हा आहे. २०१८ च्या एका अधिसूचनेने बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीचे दारही उघडले होते. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी ते बंद केले: प्राथमिक वर्गांना शिकवायला त्या वयाच्या मुलांसाठीचे खास प्रशिक्षणच हवे. न्यायालयाचे म्हणणे रास्त आहे. अक्षरओळख करून देणे हे दहावीचे बीजगणित शिकवण्याहून सोपे काम नव्हे. त्यामुळे पदवीधर असूनही लहान मुलांत रमणाऱ्याने डी.एल.एड.च धरावे.

पहिली ते आठवीच्या नोकरीसाठी त्यानंतर शिक्षक पात्रता परीक्षाही आहे. पाचवीपर्यंतच्या वर्गांसाठी पहिला पेपर, सहावी ते आठवीसाठी दुसरा. प्रत्येकी १५० गुणांचा, आणि खुल्या प्रवर्गाला उत्तीर्ण होण्यास ९० गुण लागतात.