साध्या इंग्रजीतील संदिग्धता : काही गमतीदार गैरसमज व त्यांची कारणे

प्रस्तावना :

इंग्रजीविषयी आपल्याकडे जी धास्ती आढळते ती प्रामुख्याने अवघड शब्दांची, स्पेलिंगची व उच्चारांची असते. प्रत्यक्षात अवघड शब्दांमुळे गैरसमज क्वचितच होतात. अवघड शब्द आला की वाचक थांबतो, शब्दकोश उघडतो किंवा शेजाऱ्यास विचारतो. सोप्या शब्दापाशी तो थांबत नाही. आपणास सुचलेला अर्थ हाच लिहिणाऱ्याचाही अर्थ असे गृहीत धरून पुढे जातो. प्रस्तुत लेखात अशा काही प्रसंगांचा परामर्श घेऊन त्यांमागील भाषिक कारणे पाहावयाची आहेत.

रचना एक, अर्थ दोन :

लंडनच्या भुयारी रेल्वेत सरकत्या जिन्यापाशी 'डॉग्ज मस्ट बी कॅरीड' अशी सूचना लावलेली असते. सोबत कुत्रा असल्यास त्यास उचलून घ्यावे, एवढाच तिचा हेतू. टेरी ईगल्टन यांनी 'लिटररी थिअरी' (१९८३) या ग्रंथात या सूचनेची मोठी गमतीदार चर्चा केली आहे. ज्याच्याजवळ कुत्रा नाही त्याने जिन्यावर पाऊलच ठेवू नये काय, असा प्रश्न तिच्यातून निघू शकतो. हा अर्थ हास्यास्पद असला तरी व्याकरणाच्या आधारे तो चुकीचा ठरविता येत नाही. बांधकामाच्या ठिकाणी 'हेल्मेट्स मस्ट बी वॉर्न' असे लिहिलेले असते, तेव्हा हेल्मेट नसलेल्या माणसास खरोखरच आत जाता येत नाही. दोन्ही वाक्यांचा साचा एकच आहे. कोणत्या ठिकाणी कोणता अर्थ घ्यावयाचा हे वाक्य सांगत नाही. ते आपण व्यवहारज्ञानाने ठरवितो.

'टेबल' वरून झालेला वाद :

व्यवहारज्ञानच वेगवेगळे असेल तर काय होते, याचे उदाहरण विन्स्टन चर्चिल यांनी आपल्या दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात नोंदविले आहे. डिसेंबर १९४१ ते जानेवारी १९४२ या काळात वॉशिंग्टन येथे ब्रिटिश व अमेरिकन सेनाधिकाऱ्यांची परिषद झाली. ब्रिटिशांना एक टिपण तातडीने चर्चेस घ्यावयाचे होते, म्हणून त्यांनी ते 'टेबल' करण्याचा आग्रह धरला. अमेरिकन इंग्रजीत 'टेबल' करणे म्हणजे विषय बाजूला ठेवणे, जवळजवळ बासनात गुंडाळणे. त्यांनी साहजिकच विरोध केला, कारण विषय महत्त्वाचा असल्याने त्यांनाही त्यावर चर्चा हवी होती! बराच वेळ, काहीशा कडवट सुरात वाद झाल्यावर दोन्ही बाजूंचे म्हणणे एकच असल्याचे ध्यानात आले. आपल्या विधिमंडळात कागदपत्रे 'पटलावर ठेवली' जातात ती ब्रिटिश अर्थाने, हे येथे जाता जाता नमूद करावेसे वाटते.

असे गैरसमज नेहमी हसण्यावारी नेता येत नाहीत. एप्रिल १९५१ मध्ये कोरियातील इम्जिन नदीच्या लढाईत चिनी सैन्याच्या प्रचंड हल्ल्यात सापडलेल्या ब्रिटिश ब्रिगेडच्या प्रमुखाने आपल्या अमेरिकन वरिष्ठास 'थिंग्ज आर अ बिट स्टिकी' असे कळविल्याचे सांगितले जाते. परिस्थिती हाताबाहेर गेली आहे, हे सांगण्याची ती खास इंग्रजी, संयमित पद्धत. अमेरिकन अधिकाऱ्याने 'अ बिट' चा शब्दशः अर्थ घेतला. वेढ्यात सापडलेल्या ग्लॉस्टर्स पलटणीचे पाचशेहून अधिक सैनिक युद्धकैदी झाले.

'ऑल' आणि 'नॉट' :

येथे प्रस्तुत लेखिकेस स्वतःचाच एक अनुभव सांगावा लागेल. काही वर्षांपूर्वी अंतिम वर्षाच्या सूचनाफलकावर मी 'ऑल द स्टुडंट्स हॅव नॉट सबमिटेड देअर प्रोजेक्ट्स' अशी सूचना लावली. काहींचे प्रकल्प यावयाचे बाकी आहेत, असे मला म्हणावयाचे होते. मुलांनी वाचले ते असे, की एकाचाही प्रकल्प जमा झालेला नाही. आठ दिवस आधीच प्रकल्प दिलेली एक विद्यार्थिनी दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने आली. झेरॉक्सवाल्यास रात्री दुकान उघडावयास लावून तिने दुसरी प्रत बांधून आणली होती. "मॅडम, माझा प्रकल्प हरवला का?" हा तिचा पहिला प्रश्न. स्टाफरूममध्ये यावर पुष्कळ हशा पिकला. बाइंडिंगचे पैसे मात्र तिचे गेले होते.

या वाक्यात 'नॉट' नेमके कशाचा निषेध करते हे निश्चित नाही. ते 'ऑल' चा निषेध करीत असेल तर 'सर्वांनी दिलेले नाहीत, काहींनी दिले आहेत' असा अर्थ होतो. क्रियेचा करीत असेल तर 'कोणीच दिलेले नाहीत' असा. 'नॉट ऑल द स्टुडंट्स' असा आरंभ केला असता तर शंकेस जागा उरली नसती. चकाकते ते सर्व सोने नसते, या म्हणीतही हीच रचना आहे. परंतु सोने चकाकत नाही, असा तिचा अर्थ कोणी घेत नाही. म्हण सर्वांना आधीच ठाऊक असते. सूचनाफलकास असा पूर्वपरिचयाचा आधार नसतो.

मराठी भाषकास संदिग्धता नवी नाही. आपला 'परवा' मागचाही असतो आणि पुढचाही. परंतु 'परवा गेलो' आणि 'परवा जाईन' यांत क्रियापद लगेच निकाल लावते. वरील वाक्यात तशी सोय नाही. म्हणून मी पुढील वर्षी तीच सूचना मराठीत लिहिली : 'सर्व विद्यार्थ्यांनी प्रकल्प सादर केलेले नाहीत.' फलकासमोर पुन्हा गर्दी झाली. इंग्रजीतील दोष मी जसाच्या तसा मराठीत आणला होता, किंबहुना आधीच्या वर्षी तो मराठीतूनच इंग्रजीत गेला असावा. अखेर कार्यालयातील ज्येष्ठ लिपिकांनी ती सूचना काढून ठेवली आणि ज्यांचे प्रकल्प आलेले नव्हते अशा अकरा जणांची नावे तेथे लावली.