मिक्स ग्रेन: चाकणच्या लॅबमधली पहिली पाळी

सकाळी ७. रात्रपाळीने टेबलावर ट्रे ठेवलेला असतो: गिअरचे कापलेले दात, प्रत्येकाला हीट नंबरची चिठ्ठी. आज सोबत निरोपही आहे. कार्बुरायझिंगच्या एका चार्जमधल्या गिअरना रनआउट, म्हणजे फिरताना डगमग, जास्त येतोय आणि ग्राइंडिंगवाले माल घ्यायला तयार नाहीत. पोलाद २०एमएनसीआर५, फर्नेस ९३० अंशांवर, चार्टची रेघ सरळ. तापमान बरोबर, वेळ बरोबर आणि तरी जॉब वाकडा, असं झालं की मी आधी ग्रेन, म्हणजे पोलादातले स्फटिक, बघते.

सव्वासात. कटिंग, बेकलाइटचा मोल्ड, एमरी पेपर, डायमंड पेस्ट. दर पेपरला सँपल नव्वद अंशांत फिरवायचं आणि आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा पेपर घ्यायचा नाही.

९ वाजता एचिंग. नायटल लावलं तर मार्टेन्साइटच्या सुया दिसतात. मला हव्या असतात त्यापूर्वीच्या ऑस्टेनाइटच्या सीमा, म्हणजे गिअर फर्नेसमध्ये लालभडक असताना जे ग्रेन होते त्यांच्या. त्यासाठी पिक्रिक ॲसिडचं संपृक्त द्रावण, त्यात थोडा लिक्विड सोप, आणि ते चांगलं गरम करून. पिक्रिक कायम पाण्याने ओलं ठेवावं लागतं, कोरडं झालं तर ते स्फोटक आहे. ती बाटली रोज बघण्याचं काम मी कुणावर सोपवत नाही. कापसाच्या बोळ्याने हळूहळू चोळायचं, पृष्ठभाग काळवंडला की हलकं पॉलिश करायचं, पुन्हा एच करायचं. फॉस्फरस कमी असलेल्या स्वच्छ पोलादात सीमा उमटायला फार वेळ घेतात. आज त्या चौथ्या फेरीला आल्या.

१० वाजता मायक्रोस्कोप. यंदा रुजू झालेल्या मुलीने तक्त्याशी ताडून सांगितलं, "मॅडम, आठ नंबर." सरासरी म्हणून ते बरोबर होतं. शंभरपट मोठ्या केलेल्या चित्रात एका चौरस इंचात पाच नंबरला १६ ग्रेन मावतात, आठला १२८. आठ नंबरचा ग्रेन साधारण २२ मायक्रॉनचा. मी तिला स्टेज दाताच्या मुळाकडे सरकवायला सांगितली. तिथे बारीक ग्रेनच्या गर्दीत मोठ्या ग्रेनचा एक पुंजका होता. तीन नंबर, म्हणजे प्रत्येकी सुमारे १२५ मायक्रॉन.

"यांची सरासरी काढायची नाही," मी म्हटलं. सरासरीसाठी एएसटीएम ई११२ आहे, मिक्स ग्रेनसाठी ई११८१ वेगळं आहे. दोन्ही नंबर, पुंजक्याची जागा आणि त्याने व्यापलेलं क्षेत्रफळ रिपोर्टमध्ये आलंच पाहिजे. एकच आकडा लिहिलेला रिपोर्ट मी सही न करता परत देते. तो खोटा नसतो, पण गिअर का वाकला हे त्यातून कुणालाच कळत नाही.

चहा घेताना तिने विचारलं, "पण बारीक ग्रेन चांगला, एवढंच ना?" अर्धं खरं आहे. पोलादावर ताण आला की डिस्लोकेशन, म्हणजे स्फटिकरचनेतले दोष, सरकतात आणि ग्रेनच्या सीमेवर अडतात. ग्रेन बारीक तर सीमा जवळजवळ, त्यामुळे धातू सहज सरकत नाही. शेफील्डच्या हॉलने १९५१ मध्ये आणि लीड्सच्या पेचने १९५३ मध्ये हे मांडलं: यील्ड स्ट्रेंग्थमधली वाढ ग्रेनच्या व्यासाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. शिवाय ताकद वाढवण्याचे बाकीचे मार्ग बहुधा चिवटपणा खातात, बारीक ग्रेन मात्र दोन्ही वाढवतो. मला ही गोष्ट आजही विलक्षण वाटते.

उरलेलं अर्धं साडेअकराला जॉमिनी चाचणीवर दाखवलं; पोलाद किती खोलवर कडक होतं ते ती दाखवते. एकाच हीटचे दोन बार, २५ मिलिमीटर व्यासाचे, १०० मिलिमीटर लांब. एक ९२५ला तापवलेला, दुसरा मुद्दाम ११००ला. फर्नेसमधून फिक्श्चरवर पाच सेकंदांच्या आत आणायचा आणि खालच्या टोकावर पाण्याची धार सोडायची. हे काम आमचे मामा करतात. चिमट्यातला लाल बार त्यांच्या हातात कधी डगमगत नाही. बार गार झाल्यावर दोन्ही बाजू घासून कडकपणा घेतला. पाण्याच्या टोकाशी दोन्ही जवळपास सारखे, कारण तिथे सगळं मार्टेन्साइट आणि त्याचा कडकपणा कार्बन ठरवतो. आत गेल्यावर मात्र मोठ्या ग्रेनचा बार दोन-तीन एचआरसीने वर. फेराइट आणि पर्लाइट प्रामुख्याने ऑस्टेनाइटच्या सीमांवर जन्मतात. सीमा कमी तर त्यांना जागा कमी, म्हणून मोठा ग्रेन जास्त खोलवर कडक होतो.

मिक्स ग्रेनमध्ये हे दोन्ही एकाच दातात घडतं. तेलात पडल्यावर मोठ्या ग्रेनचा भाग मार्टेन्साइट होतो, शेजारचा बारीक भाग बेनाइटकडे वळतो. शिवाय बारीक ऑस्टेनाइटचं मार्टेन्साइट सुरू होण्याचं तापमानही थोडं खाली असतं. रूपांतर होताना आकारमान वाढतं आणि इथे ते एका वेळी, एका प्रमाणात वाढत नाही. गिअर वाकतो तो त्यामुळे.

दुपारी २. जेवणानंतर मागचे कागद. ग्रेन वाढू न देण्याचं काम ॲल्युमिनियम नायट्राइडचे अतिसूक्ष्म कण करतात, ते सीमा धरून ठेवतात. टेस्ट सर्टिफिकेटवर ॲल्युमिनियम आणि नायट्रोजन ठीक होते. पण फोर्जिंगच्या १२०० अंशांच्या वर हे कण विरघळतात आणि नंतरच्या सावकाश गार होण्यात किंवा अनीलिंगमध्ये पुन्हा नीट तयार व्हावे लागतात. फोर्जवाल्यांकडे या लॉटचा आयसोथर्मल अनीलिंगचा चार्ट मागवला. फोनवर ते म्हणाले, "मॅडम, हार्डनेस तर ओके होता." हार्डनेस ओके असूनही कणांची वाटणी बिघडलेली असू शकते, म्हणून मी चार्टच हवा असं सांगितलं.

साडेतीनला हँडओव्हर. चार्जला लाल टॅग, डिस्पॅच बंद. त्याच लॉटचा न वापरलेला एक ब्लँक मॅकक्वेड-एन या ग्रेन तपासायच्या चाचणीला, ९२५ अंशांवर आठ तासांसाठी टाकलाय. ते रात्री साडेअकराला संपतील. दुसऱ्या पाळीला लिहून दिलं: ब्लँक फर्नेसमध्येच सावकाश गार करा, आणि सकाळी कापताना जिथे दाताचं मूळ येणार त्या फिलेटच्या रेषेतूनच कापा.