एजंटच्या हाती पोस्ट देताय? आधी कामाचा कागद लिहा



आधी माझीच एक फजिती सांगतो. चोपड्यात आपली कार्यशाळा होती, सकाळी १० वाजता. आठवणीची पोस्ट त्याच दिवशी सकाळी ७ ला जायला हवी होती. आदल्या रात्री मी एआय एजंटला सांगितलं, "उद्या ७ ची पोस्ट लावून टाक." त्याने लावली. पोस्ट गेली दुपारी साडेबाराला! तोवर अर्धी कार्यशाळा संपली होती आणि बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या.

चूक कुणाची? माझी. पोस्ट लावणारं टूल यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ धरून चालत होतं. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. एजंटने ७ चे ७ च टाकले. वेळ कुठली धरायची हे मी त्याला लिहून दिलंच नव्हतं.

एजंट विचारत नाही, अंदाज बांधतो

चॅटबॉट उत्तर देतो. एजंट टूल वापरून काम करून मोकळा होतो. दुकानात नवा पोरगा ठेवला तर तो विचारतो, "भाऊ, कोणत्या पेजवर टाकू?" एजंट बऱ्याचदा विचारत नाही, अंदाजाने पुढे जातो.

अशी टूल्स आज बरीच आहेत. फेसबुक आणि इन्स्टाग्रामपुरतं हाताने करायचं असेल तर मेटा बिझनेस सूट फुकट आहे. बफर आहे, पोस्टिझसारखं ओपन सोर्स टूल आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल ही जोडणीची खुली पद्धत आणली, तेव्हापासून टूल एजंटला जोडणं सोपं झालं. पण जोडून दिलं म्हणजे शिकवलं असं होत नाही. शिकवायला कागद लागतो.

कागदावर काय लिहायचं?

समजा, तुमचा चोपड्यात केळी वेफर्स आणि ज्वारीच्या बिबड्यांचा व्यवसाय आहे. साध्या मराठीत एक फाइल करा. तिच्यात या सात गोष्टी हव्यातच:

१. खाती. कोणतं पेज दुकानाचं, कोणतं घरचं. "फक्त दुकानाच्या पेजवर" असं स्पष्ट लिहा. इन्स्टाग्रामवर बाहेरच्या टूलमधून पोस्ट आपोआप जायला खातं प्रोफेशनल असावं लागतं, ते आधी तपासा.

२. वेळ. "सगळ्या वेळा भारतीय. टूलला देताना पुढे +०५:३० लाव." तारखेकडेही लक्ष द्या. आपल्या पहाटेच्या ४ ला यूटीसीत आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेदहा असतात. म्हणजे तारीखच बदलते!

३. सण. नुसतं "आखाजीला पोस्ट टाक" लिहू नका. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, कानबाईचा उत्सव श्रावणात, हे खान्देशाबाहेरच्याला माहीत असेलच असं नाही. दरवर्षी पंचांग पाहून तारीख स्वतः लिहा.

४. मर्यादा. इन्स्टाग्रामच्या मजकुराला २,२०० अक्षरं, एक्सच्या साध्या खात्याला २८०. मराठीत मात्रा वेगळी मोजली जाते. 'केळी' आपल्याला दोन अक्षरं दिसतात, मोजणीत चार भरतात. म्हणून मराठी पोस्ट आटोपशीर ठेवायला सांगा.

५. काय लिहायचं नाही. एजंट जोशात येऊन "शुगरवर गुणकारी बिबडी" लिहून टाकेल. खाद्यपदार्थांच्या दाव्यांसाठी एफएसएसएआयचे २०१८ चे नियम आहेत, आणि अडचणीत तुम्ही याल, एजंट नाही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. पण ते मानांकन आपल्या मालावर लावायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. नोंदणी नसेल तर तो शब्दच नको. आणि भाव? "भाव फक्त दरपत्रकातून घे. तिथे नसेल तर लिहू नको."

६. अडलं तर. हे लोक विसरतात. नेट अडखळलं, टूलकडून उत्तर आलं नाही, की एजंट तीच पोस्ट पुन्हा पाठवतो. मग एकच ऑफर पेजवर तीनदा दिसते. म्हणून लिहा: "उत्तर आलं नाही तर आधी लावलेल्या पोस्टची यादी बघ. तिथे पोस्ट नसेल तरच पुन्हा लाव. दुसऱ्यांदाही अडलं तर थांब आणि मला कळव."

७. शेवटचा होकार. "आधी मसुदा कर. मजकूर, फोटो, पेज, तारीख आणि वेळ मला दाखव. मी 'हो' म्हटल्यावरच लाव." पोस्ट खोडायचं काम सुरुवातीला एजंटकडे देऊच नका.

ही चूक तर करूच नका

टूलची एपीआय चावी या कागदात लिहायची नाही. ती म्हणजे गल्ल्याची किल्ली. हा कागद उद्या तुम्ही कुणालाही पाठवाल, आणि चावी ज्याच्या हाती पडेल तो तुमच्या पेजवर काहीही टाकू शकेल. चावी टूलच्या सेटिंगमध्येच ठेवा. चुकून बाहेर गेली तर लगेच रद्द करून नवी घ्या.

कागद जमला का, कसं कळणार?

सोपी परीक्षा आहे. कागद घरातल्या भाच्याच्या नाहीतर पुतणीच्या हातात द्या आणि सांगा, "रविवारी सकाळी ८ ला वेफर्सची पोस्ट लाव." तुम्ही गप्प बसायचं. त्यांनी जिथे जिथे "मामा, इथे काय करू?" विचारलं, तिथे तिथे तुमच्या कागदात भोक आहे. ते बुजवा.

मग एजंटला एकच पोस्ट द्या, दुसऱ्या दिवशीची. टूलमध्ये जाऊन लावलेली वेळ स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आठवडाभर असं बिनचूक झालं की मग महिन्याच्या पोस्ट एकदम द्या.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. पण आपल्यासारख्या गावात गिऱ्हाईक पेज बघून येतं आणि दुकानात वेगळा भाव ऐकून परत जातं. गेलेलं गिऱ्हाईक दहा जणांना सांगतं. तिथे "एजंटने टाकलं" म्हणून चालत नाही, पाटीवर नाव तुमचंच असतं.

आज रात्री अर्धा तास काढा. सात मुद्दे, एक कागद. कुठल्या मुद्द्यावर अडलात ते मला कळवा, पुढच्या व्हिडिओत तेच घेऊ. चला, कामाला लागा!